एक वार, दोन वार आणि मधला वेळ

परवा करमाडला स्टेशनजवळ चहा पीत होतो, तर गावच्या टेनिस बॉल लीगची चार पोरं समोर येऊन बसली. म्हणाली, "सर, दिवाळीनंतर खेळाडूंचा लिलाव आहे. यावर्षी नियम लेखी करायचे ठरलंय. तुम्ही लिहून द्या." मी म्हणलं, मीच का? त्यातला एक हसत म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी पुकारा तुम्हीच केला होता ना सर. चुकलं कुठं ते तुम्हालाच जास्त माहीत."

खरंय. मलाच माहीत आहे.

ज्यांना करमाड माहीत नाही त्यांच्यासाठी: छत्रपती संभाजीनगरहून जालना रोडनं निघालं की चिकलठाणा, शेंद्रा एमआयडीसी, लाडगाव आणि मग करमाड. पूर्वी ज्वारी-कापसाचं गाव, आता अर्धं गाव शिफ्टवर चालतं. डीएमआयसीसाठी या पट्ट्यातल्या जमिनी गेल्या, कुणाच्या हातात पैसा आला, कुणाच्या हातात कंत्राटदाराचं गेटपास. क्रिकेट लीगमध्ये हे दोन्ही लोक भेटतात. पहिला संघमालक असतो, दुसरा लिलावात उभा राहतो. कुणाला टोमणा मारत नाहीये, आहे ते सांगतोय.

तर दोन वर्षांपूर्वीची रात्र. आठ संघ, प्रत्येकाचे पंधरा खेळाडू. एकेक आयकॉन आधीच ठरलेला, म्हणजे लिलावात भरायच्या जागा ११२. अर्ज आले १६८. प्रत्येक संघाला १०,००० पॉइंट, बेस १०० पॉइंट. मंगल कार्यालयाचा हॉल, प्रोजेक्टर, मोबाईलवर लाइव्ह. आठ वाजता सुरुवात. पहिली चाळीस नावं गावातली मोठी नावं होती, षटकार मारणारी. मालक जोरात, पोरं शिट्ट्या मारतायत, मीही रंगात. एकेका नावाला चार-साडेचार मिनिटं. अकरा वाजले तेव्हा चाळीसच नावं झाली होती. हॉलवाल्यानं घड्याळ दाखवलं. उरलेली १२८ नावं आम्ही शंभर मिनिटांत उरकली. हिशोब करा, एका माणसाला ४७ सेकंद. त्यात नाव वाचणं, फोटो येणं, बोली, हातोडा, सगळं.

१५१ नंबरला एक पोरगा होता. शेंद्र्यात कंत्राटी कामगार, वेगवान गोलंदाज, लई वेगवान. रात्रपाळी बदलून घेऊन आला होता आणि सात वाजल्यापासून शेवटच्या रांगेत बसला होता. साडेबाराला त्याचं नाव आलं. मी "एक वार, दोन वार, तीन वार" दहा सेकंदांत म्हणून टाकलं. अनसोल्ड. लिलाव संपल्यावर तो खुर्च्या उचलू लागला, आमच्या पोरांबरोबर.

दुसऱ्या दिवशी एक संघमालक मला म्हणाला, "सर, तो बॉलर कधी निघाला? मी जेवायला गेलो होतो. माझ्याकडं ९०० पॉइंट तसेच पडून राहिले."

त्या दिवसापासून लिलावाच्या वेगाचं माझ्या डोक्यात बसलंय. आपण लिलाव म्हणलं की किंमत बघतो: कोण किती कोटीला गेला. घड्याळ कुणाच्या हातात होतं ते कुणी विचारत नाही. आणि लिलावाचा इतिहास वाचत गेलो तर दिसतं की माणसं किमतीइतकीच वेळेवरून भांडत आलीत.

१७व्या शतकात इंग्लंडमध्ये मेणबत्तीचा लिलाव चालायचा. मेणबत्तीचा बोटभर तुकडा पेटवायचा, ज्योत विझेपर्यंत बोली चालू. विझायच्या आधीची शेवटची बोली ज्याची, माल त्याचा. कल्पना छान, हातोडेवाल्याची मर्जीच नको! पण सॅम्युअल पेपिस नावाचा आरमारातला अधिकारी आपल्या रोजनिशीत १६६२ साली एक मजेशीर गोष्ट नोंदवून गेलाय. जहाजांच्या लिलावात एक माणूस नेमका शेवटच्या क्षणी बोली लावायचा आणि जिंकायचा. पेपिसनं त्याला गाठून गुपित विचारलं. तो म्हणाला, ज्योत विझण्याच्या क्षणभर आधी धूर खाली वळतो. मी धुराकडं बघत असतो. बाकी सगळे ज्योतीकडं.

साडेतीनशे वर्षांनी इंटरनेटवर तेच झालं. ईबेवर लिलाव ठरलेल्या वेळेला संपायचा, म्हणून शेवटच्या काही सेकंदांत बोल्यांचा पाऊस. ॲमेझॉननं तेव्हा चालवलेल्या लिलावात नियम वेगळा होता, शेवटच्या दहा मिनिटांत कुणी बोली लावली तर वेळ आपोआप पुढं जायचा. रॉथ आणि ऑकेनफेल्स या दोन अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये दोन्हींची तुलना छापली. ऐनवेळी झडप घालण्याचा प्रकार ईबेवर खूप जास्त, ॲमेझॉनवर कमी. लोक तसलेच, माल तसलाच, फरक फक्त घड्याळाच्या नियमाचा. आज आपल्याकडच्या ऑनलाइन सरकारी लिलावांतही शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढवण्याची तरतूद ठेवतात, ती याच अनुभवातून.

पण इंग्लंड-अमेरिका कशाला, आपल्या मोंढ्यात चला.

आमच्या आजोबांच्या पिढीनं जो लिलाव पाहिला तो हत्त्याचा. अडत्या आणि व्यापारी एकमेकांचा हात धरणार, वरून उपरणं किंवा रुमाल, आणि आत बोटांच्या खुणांनी भाव ठरणार. शेतकरी शेजारीच बसलेला, स्वतःच्या ढिगाशेजारी, आणि त्यालाच कळत नाही की आत काय चाललंय. किती जणांनी हात धरला, कुणी किती म्हणलं, थांबले कधी, का थांबले, काही नाही. हाती पट्टी आली की भाव कळायचा. जनावरांच्या बाजारात अजून कुठंकुठं हा प्रकार दिसतो.

हे मोडायला कायदे लागले. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ मध्ये कापसाचा बाजार नियमांखाली आला, देशातल्या नियंत्रित बाजारांची सुरुवात तिथूनच मोजतात. १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. आपण मराठवाड्यातले, म्हणजे निजामाच्या राज्यातले. हैदराबाद संस्थानचा शेती बाजार कायदा १९३०चा. मुंबई इलाख्याचा १९३९चा. आणि मग सगळ्या महाराष्ट्राला एकच असा १९६३चा कायदा, ज्याच्यावर आपल्या बाजार समित्या उभ्या आहेत. या सगळ्या प्रवासातली मोठी गोष्ट म्हणजे रुमाल गेला आणि उघडा लिलाव आला. शेतकऱ्याला बोली ऐकू येऊ लागली.

ऐकू येऊ लागली, पण समजते का? जाधववाडीला किंवा लासलगावला सकाळी जाऊन उभे राहा. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडं सरकतो, पुकारणारा एका लयीत आकडे म्हणत असतो, आणि बघता बघता ट्रॉली विकलेली असते. शेकडो वाहनं उभी असतात, दुपारपर्यंत सगळं उरकायचं असतं, त्यामुळं घाई समजण्यासारखी आहे. तरी रांगेत पुढं उभ्या असलेल्या ट्रॉलीला जेवढी निवांत नजर मिळते तेवढी शेवटच्याला मिळते का, हे कुठल्याही कांदेवाल्याला विचारा. पहाटे तीनला येऊन पुढचा नंबर लावणारे येडे नाहीत.

(विषय निघालाच आहे म्हणून. लिलावाची आपल्याला इतकी सवय की नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत ग्रामपंचायतीच्या पदांचाच लिलाव झाला, आणि राज्य निवडणूक आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. तिथं पुकारा किती वेळ चालला ते मला माहीत नाही, पण आयोगानं "तीन वार" मात्र म्हणून टाकलं.)

अर्थशास्त्रात याला पुरावाही आहे. ऑर्ली ॲशेनफेल्टर यांनी १९८९ मध्ये वाइनच्या लिलावांवर लिहिलं. तीच वाइन, तेच वर्ष, तेवढ्याच बाटल्यांची पेटी. एकाच लिलावात लागोपाठ विकली तर नंतरच्या पेटीला बहुतेकदा आधीपेक्षा कमी भाव. बाटलीत काही फरक नाही. फक्त ती नंतर आली.

वाइनची पेटी शेवटच्या रांगेत बसून आपलं नाव ऐकत नाही, एवढाच फरक.

आता क्रिकेट. आयपीएलचा पहिला लिलाव २० फेब्रुवारी २००८ ला मुंबईत झाला, हातोडा रिचर्ड मॅडली यांच्या हातात. प्रत्येक संघाला ५० लाख डॉलर. पहिलं नाव शेन वॉर्न; राजस्थाननं साडेचार लाख डॉलरच्या बेसलाच घेतला, दुसरी बोलीच नाही. हॉलमध्ये कुणालाच अजून अंदाज नव्हता, सगळे एकमेकांकडं बघत होते. नंतर त्याच वॉर्नच्या नेतृत्वाखाली राजस्थाननं पहिलं जेतेपद मिळवलं. म्हणजे फार आधी नाव येणं हेसुद्धा स्वस्तात जाण्याचं कारण असू शकतं, हे लक्षात ठेवा. पुढं आपल्या नियमांत ते उपयोगी पडणार आहे.

धोनी १५ लाख डॉलरला चेन्नईकडं गेला. त्यामागचा हिशोब मला फार आवडतो. आयकॉन खेळाडूला संघातल्या सर्वांत महाग खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त द्यायचे, असा नियम. मुंबईकडं सचिन आयकॉन. मुंबईनं धोनीला १५ लाखांना घेतलं असतं तर सचिनला सव्वासतरा लाख द्यावे लागले असते. दोघांतच सव्वाबत्तीस लाख, ५० पैकी. चेन्नईकडं आयकॉनच नव्हता. बोली कितीला थांबणार हे नियम ठरवत होता, आणि नियम तर लिलावाच्या आधीच लिहिलेला.

यातल्या हातोड्याच्या गोष्टी आणखी मजेशीर आहेत. २०१४ चा बंगळूरचा लिलाव, युवराज सिंगची बोली. बंगळूरच्या बाजूनं १० कोटींवर हातोडा पडला असं विजय मल्ल्यांचं म्हणणं, आणि त्यानंतर कोलकात्याची बोली धरून बोली पुन्हा उघडली. शेवटी युवराज बंगळूरलाच मिळाला, पण १४ कोटींना. मल्ल्यांनी तक्रार केली. मल्ल्यांबद्दल सहानुभूती वाटण्याची वेळ आयुष्यात क्वचित येते, पण ही तक्रार बिनबुडाची नव्हती. हातोडा पडला म्हणजे पडला का? पाटी वर होती पण पुकारणाऱ्याला दिसली नाही तर? हे आधी लिहिलेलं नसेल तर चार कोटींचा फरक एका क्षणाच्या नजरेवर ठरतो.

याच्या बरोबर उलटी गोष्ट १९ डिसेंबर २०२३ ची, दुबईची. हातोडा मल्लिका सागर यांच्याकडं, मुंबईच्याच त्या. लिलाव उतरणीला लागलेला, नावं भराभर येतायत. शशांक सिंग, बेस २० लाख. पंजाबनं पाटी उचलली, हातोडा पडला, आणि पंजाबच्या टेबलावर कुजबुज: हा तो शशांक सिंग नव्हे! यादीत त्या नावाचे दोघे होते. मल्लिका सागर यांनी सांगितलं, हातोडा पडलाय, आता खेळाडू तुमचाच. नंतर पंजाबनं सारवासारव केली की हाही आमच्या यादीत होताच. आणि २०२४ च्या मोसमात त्याच शशांकनं गुजरातविरुद्ध २९ चेंडूंत नाबाद ६१ करून सामना काढला. पुढच्या वर्षी पंजाबनं त्याला साडेपाच कोटींना राखलं.

घाईनं एका पोराचं भलं झालं, असंही म्हणता येईल. पण यात नशीब होतं, नियम नव्हता. घाईत चुकून घेतला गेलेला एक शशांक आपल्याला दिसतो. घाईत चुकून राहिलेले किती, ते दिसत नाहीत. कारण ते घरी जातात.

आयपीएलनं वेळेवर तोडगा म्हणून "ॲक्सिलरेटेड" फेरी आणली. सुरुवातीची नावं निवांत, गटागटानं. नंतर संघांनी यादी द्यायची की उरलेल्यांपैकी कोणाची नावं ऐकायची आहेत, आणि तेवढीच पुकारायची. नोव्हेंबर २०२४ ला जेद्दाहमध्ये यादीत ५७७ नावं, दोन दिवस, विकले गेले १८२. ११७व्या नावापासून वेगवान फेरी. म्हणजे ११७ नंतरच्या कित्येकांचं नावही कुणी उच्चारलं नाही. त्याच यादीत ४९१ नंबरला बिहारचा तेरा वर्षांचा वैभव सूर्यवंशी होता. राजस्थाननं १ कोटी १० लाखांना घेतला, कारण कुणीतरी त्याचं नाव यादीत लिहून दिलं होतं. आधी कुणाच्या तरी वहीत नाव हवं. ज्याला कुणी पाहिलेलंच नाही त्यानं काय करायचं?

पण त्याच लिलावात एक चांगला नियमही होता, न विकलेल्यांची नावं पुन्हा पुकारण्याचा. आपला अजिंक्य रहाणे पहिल्यांदा अनसोल्ड राहिला. पुन्हा नाव आलं तेव्हा कोलकात्यानं दीड कोटीच्या बेसला घेतला आणि नंतर कर्णधार केला! पालघरचा शार्दुल ठाकूर मात्र राहिलाच. लखनौनं पुढं जखमी खेळाडूच्या जागी घेतला, तर हैदराबादविरुद्ध चार विकेट. आधीचं उदाहरण ख्रिस गेलचं: २०११ च्या लिलावात कुणी हात लावला नाही, मग बंगळूरनं जखमी खेळाडूच्या जागी बोलावला आणि त्या मोसमात सर्वांत जास्त धावा त्याच्याच. त्या हॉलमध्ये एवढे विश्लेषक, लॅपटॉप, कोच बसलेले असतात आणि तरी हे होतं. आमच्या हॉलमध्ये तर रात्री साडेबाराला पुरीभाजी चालली होती.

पुकारणाऱ्याचंही बोललं पाहिजे. १२ फेब्रुवारी २०२२ ला बंगळूरमध्ये हसरंगाची बोली १०.७५ कोटींवर असताना ह्यू एडमीड्स मंचावरच कोसळले. ऐनवेळी चारू शर्मांना बोलावून घेतलं आणि लिलाव पुढं गेला. एडमीड्स बरे झाले, दुसऱ्या दिवशी शेवटी परतही आले. तो माणूस व्यावसायिक होता, आयुष्यभर हेच केलेला. आणि मी गावचा मास्तर, घसा बसलेला, चार तास चाळीस मिनिटं उभा. अकरानंतर माझा "तीन वार" लवकर पडत होता तो हॉलवाल्याच्या घड्याळामुळंच नव्हे. मला घरी जायचं होतं. हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

आता एक दूरची गोष्ट, पण याच विषयाची. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट या पत्रकारानं मित्रांना जमवून बेसबॉलचा एक कागदी खेळ सुरू केला. खरे खेळाडू, पण संघ तुमचा, कागदावर. खेळाडू मैदानात जे करेल ते तुमच्या खात्यात. ज्या रेस्टॉरंटमध्ये ते भेटायचे त्याच्यावरून नाव पडलं "रोटिसरी लीग". आज जगभर "फॅन्टसी" म्हणून जे चालतं त्याचा हा एक मोठा उगम. (आपल्याकडं त्याचं पुढं पैशांचं ॲप झालं आणि २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्रानं कायद्यानं बंदी आणली. तो विषय वेगळा.) या लीगमध्ये खेळाडू लिलावानं घेतात. रूढ नियम असा: प्रत्येक मालकाला २६० डॉलर आणि भरायचे २३ खेळाडू.

मला आवडला तो पुकाऱ्याचा नियम. आयोजक यादी वाचत नाही. टेबलाभोवती बसलेले मालक आळीपाळीनं एकेक नाव पुकारतात. माझी पाळी आली की मी नाव सांगणार, मग तुझी, मग त्याची. म्हणजे कोण कधी येणार हे एकाच्या हातात राहत नाही. डावपेच तिथंही आहेतच. हुशार मालक सुरुवातीला स्वतःला नको असलेली मोठी नावं पुकारतो, म्हणजे बाकीच्यांच्या थैल्या रिकाम्या होतात आणि त्याला हवा असलेला साधा खेळाडू शेवटी दोन डॉलरला मिळतो. लोक दूरदूर राहू लागले तेव्हा संथ लिलावही आले: एका नावावर दिवसभर बोली, आणि नवी बोली आली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. तिथं लिलाव कित्येक दिवस चालतो आणि पोरं त्यालाही वैतागतात. कुठलाच वेग फुकट मिळत नाही.

दुसरा नियम हिशोबाचा. २३ जागा भरायच्याच आहेत, प्रत्येकी किमान एक डॉलर, तर पहिल्या खेळाडूवर जास्तीत जास्त २३८ लावता येतात, कारण बाकी २२ साठी २२ डॉलर राखून ठेवायचे. आमच्याकडं १४ खेळाडू घ्यायचे, बेस १००, म्हणजे पहिल्या बोलीची कमाल ८,७००. हा नियम आमच्याकडं तोंडी होता, म्हणजे नव्हताच. दोन संघांनी पहिल्या दहा नावांत थैली उधळली आणि शेवटी समितीनं त्यांना "ॲडजस्ट" म्हणून पोरं वाटून दिली. लिलावात उभा राहिलेला माणूस वाटून दिला जातो तेव्हा त्याला काय वाटत असेल, ते मी कुणाला विचारलं नाही.

तर मी लिहून दिलेला कागद थोडक्यात असा. लिलाव दोन भागांत, दोन रविवारी दुपारी दोनला, रात्री नाही; कारण पहिली आणि रात्रपाळीची पोरं तेव्हाच मोकळी असतात, दुसऱ्या पाळीवाल्यांना तारखा महिनाभर आधी सांगायच्या. नावं चिठ्ठीनं, आणि प्रत्येक दहाच्या गाड्यात मोठी नावं दोनच, म्हणजे सगळा पैसा आणि सगळी शिट्टी पहिल्या तासात संपणार नाही. प्रत्येक नावाला पहिली तीस सेकंद हातोडा उचलायचाच नाही, कुणी बोलो न बोलो, तेवढ्यात पोरगा उभा राहून आपण काय करतो ते सांगेल. त्यानंतर प्रत्येक बोलीला पंधरा सेकंद, नवी बोली आली की पुन्हा पंधरा. "तीन वार" म्हणायच्या आधी आठही टेबलांकडं एकदा बघायचं. हातोडा पडला की पडला, पाटी नंतर वर गेली तर ती गेली. एखाद्या टेबलावर माणूसच नसेल तर थांबायचं नाही, पण जेवणाची सुट्टी सगळ्यांना एकदम. अनसोल्ड नावं दोन्ही रविवारी शेवटी पुन्हा, तेवढ्याच तीस सेकंदांनी. आणि पुकारणारा दर तासाला बदलायचा.

परवा समितीची बैठक झाली. निम्मं मान्य झालं. दोन दिवसांना हॉलचं भाडं दुप्पट, म्हणून आधी विरोध होता, मग शाळेचं पटांगण ठरलं. चिठ्ठीवर मात्र खूप भांडण झालं. मालकांचं म्हणणं, मोठी नावं आधी आली नाहीत तर लाइव्ह कोण बघणार, आणि प्रायोजक काय म्हणतील? हे म्हणणं अगदीच चूक नाही. लीगला पैसा तिथूनच येतो. शेवटी दहात दोनऐवजी तीन मोठी नावं असं ठरलं. तीस सेकंदांवर एकजण म्हणाला, "सर, कुणी बोलीच लावणार नसंल तर तीस सेकंद गप बसून काय करायचं? पोराचीच लाज निघते." यावर मला उत्तर सुचलं नाही. त्याच्या शेजारचा पोरगा, गेल्या लिलावात १०० पॉइंटला गेलेला, म्हणाला, "दादा, दहा सेकंदांत जास्त निघते." नियम राहिला.

१५१ नंबरवाला त्या बैठकीत नव्हता. त्यानं यावर्षी अर्ज भरलाय एवढं कळलं. कंपनी बदललीय, आता ऑरिकमध्ये कुठंतरी आहे, पाळी कोणती ते अजून त्यालाही माहीत नाही.

राहिला प्रश्न घड्याळ कुणी धरायचं. मी नको म्हणलं. मालकांपैकी कुणी चालणार नाही, आणि ज्याचा भाऊ-चुलतभाऊ कुठल्याच संघात नाही असा माणूस करमाडात शोधून दाखवा. शेवटी शाळेतल्या नव्या मॅडमना विचारलंय. त्या बाहेरगावच्या, क्रिकेट आवडत नाही म्हणतात, पण परीक्षेचा पेपर बरोबर वेळेला काढून घेण्याबद्दल त्यांची ख्याती आहे. त्यांनी अजून हो म्हणलेलं नाही.